डाव्या बाजूची गाय

बैलजोडी वाटली तेव्हा सगळं गाव मला हसलं. घर वाटलं, रान वाटलं, भांडी वाटली, ते ठीक. पण जोडी कुणी फोडतं का? मी फोडली. थोरल्या पोराला डाव्या दिला, धाकट्याला उजव्या. नावं माझीच. जो जुवाच्या ज्या बाजूला चालायचा ते त्याचं नाव. लाडाची नावं शोधत बसायला मला वेळ नव्हता. आणि जोडी फोडली ती पुरता विचार करून. एकेक बैल घेऊन दोघे भाऊ करणार काय? नांगरायची वेळ आली की एकाला दुसऱ्याच्या दारात यावंच लागणार. भांडले तरी यावं लागणार. तसंच होत आलं. मध्ये एक वर्ष दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते, तरी सकाळ झाली की थोरला डाव्याला आणून मुकाट्याने जुवाखाली उभा करायचा. मला हसणारे लोक मग गप्प बसले.

शेणाचंही तेच. दोन्ही घरांच्या मध्ये गोबरगॅसची एकच टाकी, तिला दोन नळ्या. एक थोरल्याच्या शेगडीला, एक आमच्या, म्हणजे मी राहते त्या धाकट्याच्या. दोन्ही गोठ्यांचं शेण टाकीत, टाकीतला गॅस दोन्ही घरांत, उरलेली मळी दोन्ही रानांत, आणि रानातली वैरण परत जनावरांच्या पुढ्यात. सगळं आपलं आपण फिरत होतं. त्यात कुणी अक्कल पाजळायची गरज नव्हती.

ती थोरल्याने पाजळली.

त्याने साडूबरोबर भागीत ट्रॅक्टर आणला. गावातला पहिलाच. एका सकाळी बघते तर डाव्याचा खुंटा रिकामा. त्याची म्हैसही नाही. ट्रॅक्टर उभा करायला जागा हवी म्हणून त्याने दोन्ही विकून गोठाच रिकामा केला होता. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आमचा उजव्या दिवसभर त्या खुंट्याकडे तोंड करून उभा. वैरण टाकली, तोंड लावलं नाही. मी त्याला शिव्या घातल्या, मग मलाच रडू आलं.

त्यातून धाकटा खाटेवर. वैरणीच्या गंजीवरून घसरला आणि पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. नांगरट तोंडावर आलेली, दुसरीकडून बैल मागावा तर या दिवसांत देतो कोण? ज्याच्याकडे जोडी आहे तो आपल्याच रानात घाम गाळतोय.

अशात थोरला आला. खाटेच्या कडेला बसला. हातात ट्रॅक्टरची किल्ली, ती बोटाभोवती गरगर फिरवत होता.

"आता बैलांचे दिवस गेले," तो म्हणाला.

"तुझ्या बापाला सांगायला हवं होतंस," मी म्हटलं. "उगाच जन्मभर बैलांच्या शेपट्या पिळत बसला."

"आई, तू मध्ये पडू नकोस. मी भल्याचं सांगतोय. मधला बांध काढून टाकू. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, एवढ्याशा तुकड्यात तो फिरत नाही. दोन्ही रानं एक करू. मी कसतो. तुमचा वाटा तुम्हाला घरपोच देतो."

धाकट्याने खाटेवरून मान हलवली. तो लहानपणापासून असाच. थोरल्याने म्हणावं आणि याने मान डोलवावी. "दादा म्हणतोय ते काही खोटं नाही," तो म्हणाला. "माझा पाय हा असा."

"पाय मोडलाय. कणा नाही मोडला," आतून आवाज आला.

ती माझी सून. धाकट्याची बायको. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, आणि जिद्दीला आग्यावेताळ. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. मी पूर्व म्हटलं तर ही पश्चिम म्हणणार. पण त्या दिवशी ती हात पुसत बाहेर आली तेव्हा मी गप्प बसले.

"रान आमचं आणि वाटा तुम्ही देणार?" ती म्हणाली. "बांध नाही मोडायचा, दादा."

"मग नांगरणार कशाने?"

"दुसऱ्या गावातला ट्रॅक्टर आणू."

"आण की. वाट माझ्याच रानातून आहे."

असं म्हणाला तो. पोटच्या पोराच्या तोंडून ऐकलं मी ते. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, पण डोळा हलला नाही.

"पाटाला पाणी सुटायच्या आत मी रान तयार करते," ती म्हणाली. "नाही केलं तर बांध मोडा, रान घ्या, मी हूं की चूं करणार नाही. केलं तर बांधाला परत हात लावायचा नाही. आईंच्या समोर सांगा."

थोरला हसला. "एका बैलाने?"

"ते माझं मी बघेन."

"ठरलं," थोरला म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून निघून गेला. मी सुनेला म्हटलं, "जीभ आहे का नांगराचा फाळ? आता बघ तू." ती सरळ गोठ्यात जाऊन उभी राहिली.

गोठ्यात उजव्या आणि बांडी. बांडी म्हणजे आमची गाय, शेपटीचा गोंडा पांढरा म्हणून बांडी. धडधाकट, चकचकीत, आणि भाकड. दोन वर्षं काही ठरेना. खायला काळ आणि भुईला भार. मीच व्यापाऱ्याला निरोप धाडला होता. दुसऱ्या दिवशी तो आला, गाईची कास बघितली, दात बघितले, नाक मुरडलं, आणि दावं सोडायला वाकला. सुनेने त्याच्या हातातून दावं काढून घेतलं.

"ही विकायची नाही."

"मग काय लोणचं घालतेस तिचं?" मी म्हटलं.

"जुंपते."

"गाईला?"

"चार पाय आहेत ना तिला?"

"पाय तर खाटेलाही आहेत."

"मग आई, तुम्ही खाट जुंपून बघा. मी गाय बघते."

खाटेवर धाकटा फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड भिंतीकडे केलं. व्यापारी मात्र हसला नाही. "बाई, गाय कुणी जुंपत नाही," तो म्हणाला. "जनावराचं वाटोळं होईल आणि तुमचंही." सुनेने त्याला पाणी विचारलं आणि वाट दाखवली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती करते काय ते ओसरीवरून नुसतं बघत होते. तिने आधी गाईला उजव्याशेजारी बांधलं, डाव्या हाताला. उजव्याने शिंग मारलं. तिने परत बांधलं. त्याने परत मारलं. मग दोघांची वैरण तिने एकाच पाटीत टाकली. भूक लागली की बैलही शहाणा होतो. संध्याकाळपर्यंत दोघं एकाच पाटीत तोंड घालून उभी होती. मग रिकामं जू मानेवर ठेवून नुसतं उभं केलं. मग जुवाला एक लाकडाचा ओंडका बांधला आणि गल्लीत काढलं.

गल्लीच्या टोकाला चहावाल्याची टपरी. तिथं सकाळी गावातली सगळी रिकामटेकडी बसलेली असतात. थोरलाही होता, ट्रॅक्टरला टेकून चहा पीत. मी मुद्दामच मागून चालले होते, लोक काय म्हणतात ते ऐकायला. आणि गाय नेमकी टपरीसमोर अडली. मान खाली घालून फुरफुरायला लागली, जू तिरकं झालं, ओंडका गटारात. सून एकटी जू सावरतेय, उजव्या तिचा पाय तुडवतोय.

एकजण म्हणाला, "बैल मिळाला नाही म्हणून गाय. उद्या गाय मिळाली नाही तर?"

"नवरा आहे की!" दुसरा म्हणाला.

सगळे खो खो हसले. थोरलाही हसला. हसला ते हसला, वर मोठ्याने म्हणाला, "ऐका सगळ्यांनी. या गाईने रान तयार केलं ना, तर मी तिच्या मागे पाटी घेऊन शेण गोळा करत फिरेन. याच गावात, तुमच्यासमोर!"

"बघ हां," चहावाला म्हणाला. "आम्ही लक्षात ठेवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसायचा हक्क माझा होता. सून माझी, गाय माझ्या गोठ्यातली, तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. या चहाबाजांचा काय संबंध? मी गर्दीतून पुढे झाले आणि गटारातून ओंडका ओढून काढला. हात चिखलात बरबटले ते सुनेच्याच खांद्याला पुसले.

"तुला अक्कल नाही," मी तिला म्हटलं. "ओढायचा नाडा जुवाच्या मधोमध बांधलायस. बैल दांडगा, गाय नाजूक. मधोमध बांधलंस तर दोघांवर सारखा भार येतो. नाडा उजव्याच्या अंगाला सरकव. म्हणजे ओढ त्याच्यावर पडेल आणि ही नुसती सोबत चालेल. तुझा सासरा म्हाताऱ्या बैलाला असाच चालवायचा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नाडा सोडला, वीतभर सरकवला, आवळला.

"आणि ती चालत नाही कारण तिच्यापुढे कुणी नाही," मी म्हटलं. "आण इकडे दावं."

मी दावं धरून पुढे झाले. गाय माझ्या मागून चालायला लागली. मी टपरीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. चालायला लागले ती थेट रानापर्यंत.

तिथून पुढचे दिवस माझ्या गुडघ्यांना विचारा. लोखंडी नांगर या जोडीला झेपला नसता, म्हणून माळ्यावरून जुना लाकडी काढला. त्याची पाचर सैल झाली होती. धाकट्याने खाटेवर पडल्या पडल्या बाभळीचं लाकूड तासून नवी पाचर केली, आणि जुनी चादर फाडून गाईच्या बाजूच्या जुवाला जाड गुंडाळून दिली. "तेवढं तरी करतो," तो म्हणाला. मान हलवण्यापेक्षा बरं, मी म्हटलं.

उजाडायच्या आत रानात जायचं. मी पुढे दावं धरून, मागून जोडी, त्यांच्यामागे नांगराची मूठ, रुमणं, दाबत सून. जमीन अशी की दगड परवडला. फाळ घुसला तर ढेकळं माणसाच्या डोक्याएवढी निघायची, नाही घुसला तर नांगर उडून सुनेच्या नडगीवर आदळायचा. उन्हं चढली की सोडायचं. झाडाखाली जोडीला पाणी, पेंड, आणि गाईच्या मानेला तेल. मग सुनेच्या तळहातांना तेल. ते मी लावायचे. ती म्हणायची, "राहू द्या." मी म्हणायचे, "गाईला बोलता येत नाही म्हणून ती बरी." उन्हं उतरली की परत जुंपायचं.

पहिल्यांदा तास, फाळाने पडणारे चर, वाकडे पडले. रस्त्याने जाणारा म्हणायचा, "काय, साप नांगरला का?" मी म्हणायचे, "हो, ये चावून घ्यायला." मग हळूहळू तास सरळ झाले. गाय डाव्या बाजूला रुळली. वळणावर तिला कळायला लागलं की आपण थांबायचं आणि बैलाने फिरायचं. आणि उजव्या, तो तर तिच्याशिवाय पाण्याला जाईना. त्याला एकट्याला सोडून नेलं की गाय इकडे हंबरून रान डोक्यावर घ्यायची. मी सुनेला म्हटलं, तुझं नवऱ्याशी एवढं पटत नाही. ती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

एका सकाळी रानात निघायच्या वेळी थोरली दारात आली. थोरल्याची बायको. "गॅस येत नाही," ती म्हणाली. "शेगडी पेटेना. टाकीला काही झालंय का?"

"टाकीला काही नाही झालं," मी म्हटलं. "तुमचा कॉक बंद केलाय."

"कुणी?"

"मी. पक्कड घेऊन."

सून दावं हातात धरून थांबली. तिलाही माहीत नव्हतं.

"टाकी सामायिक आहे," थोरली म्हणाली. "नळी आमचीही आहे."

"नळी तुमची आहे ना? मग नेऊन ठेव उशाशी. टाकीत शेण कुणाचं पडतंय? तुमचा गोठा रिकामा. म्हैस गेली, बैल गेला. आमच्या बैलाने दिवसभर नांगर ओढायचा, वर तुमचा चहाही उकळायचा?"

"मग आम्ही करायचं काय?"

"ट्रॅक्टरच्या मागे पाटी धर. पडलं काही तर टाकीत टाक."

थोरली रडत निघून गेली. दुपारी परत आलो तेव्हा ती अंगणात तीन दगड मांडून ओल्या लाकडांवर फुंकर घालत होती. डोळे लाल, केसांत राख. वाईट वाटलं मला. तिचा काय दोष होता? पण कॉक उघडला नाही.

शेवटचा पट्टा राहिला बांधालगतचा. आणि त्याच दिवशी पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून ओरडत गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटणार. बांधालगतची जमीन सगळ्यात कडक, कारण वर्षानुवर्षं सगळे तिथून चालतात. नांगराचे दोन तास घातले. तिसऱ्याला वळताना बांडी गुडघ्यावर आली आणि बसली.

जू वाकडं होऊन उजव्याची मान खाली ओढली गेली. सुनेने पटकन जुवाच्या खुंट्या, शिवळा, काढल्या आणि दोघांना मोकळं केलं. मी दावं ओढलं. शेपटीला हात लावला. गाय हलेना. तोंडाला फेस, कुशी भात्यासारखी वरखाली. माझ्या हातात काठी होती. सुनेने ती घेतली आणि लांब फेकून दिली.

तेवढ्यात पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. थोरला. तो रोज बघत असणार, म्हणून नेमका आला. पुढचं चाक बांधाला आणून टेकवलं. मागोमाग टपरीवरचे दोघं-तिघं आणि चहावाला.

"बसली ना?" थोरला वरून म्हणाला. "आता पुरे. जनावर मारशील. मी तासाभरात सगळं सपाट करून देतो. बांध जाऊ दे."

सून बादली घेऊन पाण्याला गेली. थोरल्याने गिअर टाकला. चाक हाललं, बांधाची माती ढासळली.

मी जाऊन बांधावर बसले. चाकाच्या बरोब्बर समोर, मांडी घालून.

"आई, ऊठ."

"बसलेय मी. गाय बसली तर तुला बांध पाहिजे. मी बसले तर काय पाहिजे?"

"लोक बघतात, आई."

"बघू दे की. गाय अडली तेव्हा बघितलंच ना सगळ्यांनी? तेव्हा तू हसलास. आता हस."

"ती हरलीय! ठरलं होतं तुझ्यासमोर!"

"पाणी सुटलं का? दिवस मावळला का? मग कसली हरतेय? इंजिन बंद कर, धूर नाकात जातोय माझ्या."

त्याने इंजिन बंद केलं. खाली मात्र उतरला नाही.

सुनेने गाईला पाणी पाजलं. पोतं भिजवून तिच्या मानेवर टाकलं. बराच वेळ ती नुसती तिच्या डोक्याशी बसून होती. ऊन उतरायला लागलं. मी मनात म्हटलं, गेलं रान. मग सून उठली, आणि गाईकडे न बघता उजव्याचा कासरा धरून चालायला लागली. रानाच्या पार त्या टोकाला.

उजव्या दहा पावलं गेला आणि गाईने मान वर केली. आणखी थोडा गेला तशी ती हंबरली. तो थांबला. सुनेने त्याला थांबू दिलं नाही, पुढे नेलं. गाय परत हंबरली, पुढचे पाय रोवले, मागचा भाग उचलला, एकदा झोकांडी गेली, आणि उठली. उठली आणि कुणी न ओढता त्याच्या मागे चालत गेली. त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

चहावाला म्हणाला, "आयला!"

सुनेने दोघांना परत आणून जुंपलं आणि नाडा आणखी दोन बोटं सरकवला. मी बांधावरून उठले, दावं धरलं. तास अर्ध्या खोलीचे पडले, एकदोन वाकडेही पडले, पण दिवस मावळायच्या आत शेवटची ढेकळं उलटी झाली. थोरला तोवर ट्रॅक्टरवर बसून होता. मग त्याने चाक मागे घेतलं. ढासळलेल्या बांधावर मी तिथल्या तिथे ढेकळं रचली. रात्री मला कूस बदलता येईना, तरी झोप लागली.

पाणी आलं. मका पेरला. दोन्ही रानांत उगवला, थोरल्याचाही झकास, खोटं कशाला बोलू? ट्रॅक्टरने काम चांगलंच केलं होतं. पण मका गुडघ्याला लागला आणि तण त्याच्याही वर गेलं. आता कोळपणी. दोन ओळींच्या मधून कोळपं गेलं पाहिजे, आणि ओळींमधली जागा बैलाच्या पोटापुरती. ट्रॅक्टर घालायचा तर निम्मा मका आडवा. थोरल्या नवराबायकोने खुरपून बघितलं. दोघांच्या कमरा मोडल्या, तण आहे तिथंच. आणि गावातली एक जोडी मोकळी नाही.

आमचं रान कोळपून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. ओसरीखाली उभा राहिला. किल्ली हातात नव्हती. धाकटा काठी टेकत उभा राहायला लागला होता, तो म्हणाला, "ये दादा, बस." पण मान हलवली नाही.

"जोडी पाहिजे होती," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच सून बाहेर आली. "घेऊन जा," ती म्हणाली. "तणाने पीक जायला नको. गाय डाव्या बाजूला चालते, विसरू नका. आणि नाडा मधोमध बांधू नका."

बस एवढंच. मला वाटलं, एवढ्यावर सोडली? मी असते तर आधी नाक घासायला लावलं असतं. पण ती गोठ्यात गेली, जोडी सोडून आणली, आणि कासरा त्याच्या हातात देताना भिंतीला टेकलेली शेणाची पाटी उचलून तीही दिली. त्याच्या हातात.

थोरल्याचा चेहरा लाल झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत होते.

रानाची वाट टपरीवरूनच जाते. पुढे उजव्या आणि बांडी, मागे थोरला, काखेत पाटी. टपरीवरची बोलणी थांबली. आणि आमची गाय, तिला काय कळतं म्हणा, पण तिने नेमकी तिथंच शेपटी वर केली. थोरला थांबला. इकडेतिकडे बघितलं. मग खाली वाकला आणि दोन्ही हातांनी शेण भरून पाटीत घेतलं. कुणी हसलं नाही. चहावाल्याने फक्त म्हटलं, "चहा ठेवतो, येताना घे." मी मागून चालले होते, म्हणून सांगते.

संध्याकाळी तो पाटी डोक्यावर घेऊन आला, टाकीत शेण कालवलं, हात धुतले आणि घरात गेला. थोरली दारात उभी होती. काही मागितलं नाही तिने.

मी पक्कड घेतली आणि त्यांचा कॉक उघडला.

अर्धाच.